इम्रान नालबंदाचा उजवा डोळा

इम्रानच्या डाव्या डोळ्यात फूल आहे. पाच वर्षांचा असताना बाजरीचं कुसळ गेलं, डोळा पिकला आणि बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. शाळेत पोरं त्याला फुलवाला म्हणायची. तो म्हणायचा, "माझा एक डोळा तुमच्या दोनांना भारी हाय." ते खरं होतं. शेवटच्या बाकावरून तो फळा वाचायचा आणि मला सांगायचा. मला दोन डोळे होते आणि जाड चष्मा.

दहावीनंतर तो वडलांच्या हाताखाली गेला. मी नगरला कॉलेजात गेलो, मराठी घेऊन एम.ए. झालो आणि घोडेगावात परत आलो. नोकरी लागली नाही. गावात कुणाला कागद आला की माझ्याकडे आणतात. तहसीलचा, बँकेचा, दवाखान्याचा. मी वाचून सांगतो. इम्रान मला मास्तर म्हणतो.

"मास्तर, शाळा मिळंना तर इकडं ये. बैलाला कविता म्हन. बैल लौकर झोपंल, मला दोरी लागनार न्हाई."

त्याचे वडील रज्जाकचाचा. बैलांना पत्र्या मारायचं काम त्यांच्याकडे आज्यापणज्यापासून. शुक्रवारी घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. बाजाराच्या कडेला लिंबाखाली त्यांची जागा. बैलाच्या खुराचे दोन भाग असतात, प्रत्येक भागाला एक लोखंडी पत्री. एका बैलाला आठ. दोरीने बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासून सपाट करायचा आणि पत्री ठेवून खिळे मारायचे. खिळा खालून आत शिरतो आणि खुराच्या बाहेरच्या अंगाने वर निघतो. त्याला जायला भाकरीच्या काठाएवढी जागा असते. जरा आत गेला की जिव्हाळी लागतो. जिव्हाळी म्हणजे खुरातलं जिवंत मांस. मग बैल लंगडतो, खुरात पू होतो.

चाचांची कंबर दोन वर्षांपूर्वी गेली. उकिडवं बसता येत नाही. तेव्हापासून हातोडी इम्रानकडे. चाचा लोखंडी खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलतात. एखादा खिळा बसला की न बघता म्हणतात, "बसला." आवाजावरून त्यांना कळतं.

मे महिन्यात एक बैल पाडला होता. नवखा होता. पाय बांधलेले, पण डोकं दाबून धरणारा माणूस जरा ढिला पडला आणि बैलाने मान झटकली. शिंग इम्रानच्या उजव्या डोळ्यावर बसलं.

मी तिथेच होतो. इम्रान मागे पडला आणि दोन्ही हातांनी डोळा धरून बसला. रक्त आलं नाही. शिंगाच्या टोकाला पितळी शेंबी होती, गोल. सगळे म्हणाले, शेंबी होती म्हणून डोळा वाचला, नाहीतर शिंग आतच गेलं असतं. हुमेराभाभीने, त्याच्या बायकोने, दर्ग्यावर चादर चढवली. आठ दिवसांत सूज उतरली. पंधरा दिवसांत डोळा बाहेरून पहिल्यासारखा दिसायला लागला.

तेव्हाच तो मला पहिल्यांदा म्हणाला, "कल्याण, लांबचं दिसतंय. जवळचं पुसल्यावानी दिसतंय."

मी हसलो. "चाळीशी लागली. तिशीतच."

पुढच्या बाजारात त्याने जमिनीवर अंथरलेल्या चष्म्यांतून एक उचलला. त्याने थोडा फरक पडला. तो खूश झाला. बाजारातली माणसंही खूश झाली.

"इम्रानशेठ, आता बैलाचं आधार कार्ड बगून पत्री मारनार का?"

"तुजं बगतो आधी. त्यात तू मानूस हाय का, ते बगू दे."

जूनमध्ये मारुतीच्या सभामंडपात डोळ्यांचं शिबिर झालं. मी त्याला घेऊन गेलो. तिथे एका मुलीने यंत्रातून डोळ्यावर हवेचा झोत मारून प्रेशर मोजलं. मग एका डॉक्टरांनी बॅटरीने पाहिलं. मागे शंभर माणसांची रांग होती. त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, ती इम्रानच्या हातात दिली आणि म्हणाले, "दवाखान्यात या." ते सगळ्यांनाच तसं म्हणत होते.

चिठ्ठी इम्रानने माझ्याकडे दिली. लिंबाखाली उभं राहून मी ती वाचली. डावा डोळा, प्रेशर चौदा. उजवा डोळा, प्रेशर तीन. खाली एक ओळ होती. अक्षर लागत नव्हतं.

मी मोबाईलवर पाहिलं. डोळ्याचं प्रेशर वाढलं तर नस खराब होते आणि नजर जाते, असं लिहिलं होतं. दहा ते एकवीस ठीक. मी तीन आणि एकवीस यांच्याकडे पाहिलं.

"तीनच आहे," मी म्हणालो. "वाढलेलं नाही. घाबरायचं काही नाही."

रज्जाकचाचांना बीपीची गोळी आहे. ते खुर्चीतून मोठ्याने हसले. "बापाचं एकशे साठ आन् पोराचं तीन! अल्लाचा शुक्र हाय. ह्याला तर टेन्शनच न्हाई."

"टेन्शन घ्यायला तुमी हाय की," इम्रान म्हणाला.

त्या दिवशी त्यांनी मला चहाबरोबर भजी खाऊ घातली. ती ओळ मी पुन्हा वाचून पाहिली नाही. दवाखान्यात कुणी गेलं नाही. प्रेशर कमी आहे म्हटल्यावर जायचं कशाला?

पुढचे चार महिने मी इम्रानला रोज पाहत होतो. मला काहीच दिसलं नाही.

म्हणजे दिसत होतं. तो डब्यातून खिळा काढायचा, डोळ्यासमोर धरायचा, वाकडा म्हणून बाजूला टाकायचा. दुसरा काढायचा. तोही वाकडा. एकदा चाचा चिडले. "पैसं पडल्यात का झाडाला? सरळ हायेत की समदे." इम्रानने बाजूला टाकलेले खिळे परत गोळा केले. एकेकावरून अंगठा फिरवला. मग तेच मारले.

घराच्या दाराची चौकट मधेच वाकलेली दिसते, असं तो हुमेराभाभीला म्हणाला होता. भाभी म्हणाली, घर जुनं आहे, वाकली असेल.

एकदा मला म्हणाला, "तुजं तोंड मधनं दाबल्यावानी दिसतंय."

मी म्हणालो, "पहिल्यापासून तसंच आहे."

तो हसला. मीही हसलो.

कधी सकाळी बरं दिसायचं, कधी दुपारी काहीच नाही. बरं दिसलं की तो म्हणायचा, सुधारतंय. डोळा बाहेरून स्वच्छ होता. लाल नाही, पाणी नाही, दुखणं नाही. अशा माणसाला डोळ्याचा आजार आहे, हे कुणाला खरं वाटणार? बाजारात लोक म्हणायला लागले की इम्रानचा हात मंद झाला, बाप पत्र्या मारायचा तेव्हा एका बैलाला अर्धा तास लागायचा. तो ऐकायचा आणि खाली मान घालून बोटाने खुराची कड चाचपायचा. तो बोटाने जागा शोधतो, हे मी पाहत होतो. मला वाटलं, हा नवा हातखंडा असेल.

दसरा झाला. ऊसतोडीला जाणारे गाडीवान बैल घेऊन यायला लागले. कारखान्यावर डांबरी रस्त्याने ऊस ओढायचा तर पत्री लागतेच. पाथर्डीकडचा सूर्यभान दर वर्षी आपली जोडी चाचांकडेच आणतो. पन्नाशीचा माणूस. बोलतो कमी. बैलांशी जास्त.

तो आला तो शुक्रवार होता. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. परवा टोळी निघणार होती. सूर्यभान म्हणाला, "थांबायला येळ न्हाई. लेकरू करील की."

इम्रानने पहिला बैल नीट केला. दुसऱ्याच्या मागच्या डाव्या पायाला पाचवा की सहावा खिळा मारताना तो थांबला. बैलाच्या अंगावरून थरकाप गेला. इम्रानने हातोडी धरून ठेवली. मग अजून दोन घाव घातले आणि बाहेर आलेलं टोक वळवून टाकलं.

मी दोरी धरून होतो. "काय झालं?"

"आवाज बसका आला," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "न्हाई, बरूबर हाय."

तो खिळा त्याने तिथेच उपसून काढायला हवा होता. हे त्याला माझ्यापेक्षा हजारपट कळत होतं. सूर्यभानला जायची घाई होती. चाचा नव्हते. आणि काढायचा तर नेमका कुठला खिळा, हे त्याला दिसत नव्हतं. हे त्याने मला खूप नंतर सांगितलं.

सातव्या दिवशी सूर्यभान कुणाची तरी मोटरसायकल घेऊन आला. बैल कारखान्याच्या वाटेवर बसला होता. खूर फुगला होता, पू धरला होता. टोळी पुढे गेली होती. सूर्यभान आणि त्याची बायको रतनबाई बैलापाशी राहिले होते.

मला वाटलं, तो शिव्या देईल. चाचा खुर्चीतून उठायची धडपड करत होते, हात जोडत होते. सूर्यभानने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो इम्रानसमोर उभा राहिला. खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरली.

"ह्याच्यावर काय लिव्हलंय रं?"

इम्रान बघत राहिला.

"चित्र कशाचं हाय, ते तरी सांग."

इम्रानने पुडीवरून अंगठा फिरवला.

"तुला दिसत न्हाई व्हय, लेकरा?"

मे महिन्यापासून हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी त्याला बरं आहे असं सांगितलं होतं.

"थोडं थोडं," इम्रान म्हणाला.

"मंग सांगायचं न्हाई का? म्या बैल नेवाशाच्या नालबंदाकडं नेला आसता. तुज्यावर काय रागावलो आसतो का?" मग तो चाचांकडे वळला. त्याचा आवाज चढला. "आन् तुमी! तुमाला बापाला कळू नये? मुक्या जनावराला कळलं, तुमाला कळू नये?"

चाचा उभे राहिले होते. तसेच परत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नगरला मोठ्या दवाखान्यात गेलो. इम्रान, हुमेराभाभी आणि मी. डॉक्टर बाई होत्या, आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. त्यांनी थेंब टाकले, बसवून ठेवलं, पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग जुने कागद मागितले. भाभीने पिशवीतून शिबिराची चिठ्ठी काढून दिली. तिने ती घडी घालून जपून ठेवली होती.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली. त्यांना ती ओळ लगेच लागली.

"उजवा डोळा. पडदा तपासणे. तातडीने," त्या म्हणाल्या. "आला का नाहीत?"

भाभी म्हणाली, "प्रेशर कमी होतं ना, मॅडम. वाढलं नव्हतं."

"हे कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर एक गोल काढला. डोळ्यात पाणी तयार होत असतं, त्या म्हणाल्या, आणि ठरलेल्या वाटेने बाहेर जात असतं. त्या पाण्याने डोळा टणक राहतो. जास्त झालं तरी वाईट, कमी झालं तरी वाईट. मार लागला तेव्हा आत एक थर सुटा झालाय. त्या फटीतून पाणी आतल्या आत मुरतंय. डोळा हवा गेलेल्या चाकासारखा झालाय. त्यामुळे पडद्याला घड्या पडल्यात. बरोबर मधोमध, जिथे बारीक दिसतं तिथे.

"म्हणून वाकडं दिसतं?" इम्रानने विचारलं.

"म्हणून."

"म्हंजी खिळं सरळ व्हते."

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं.

"फट शिवता येईल," त्या म्हणाल्या. "पुण्याला पाठवते. प्रेशर येईल वर. पण घड्या पाच महिन्यांच्या आहेत. त्या किती जातील, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

"तेव्हा आलो असतो तर?" मी विचारलं.

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "आता त्याचा काय उपयोग?"

बाहेर बाकावर इम्रान भाभीला म्हणाला, "भूक लागली." आम्ही वडापाव खाल्ला. मराठी घेऊन मी एम.ए. झालो. पाच शब्दांची एक ओळ मला लागली नव्हती.

परत येताना एसटीत त्याने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "मास्तर, तोंड नको पाडू. तसं बी मला ते दिसत न्हाई."

नोव्हेंबरात पुण्याला ऑपरेशन झालं. दोन दिवस काहीच फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रेशर एकदम चाळीसवर गेलं. इम्रान कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडला, ओकला, डोकं भिंतीला दाबून धरलं. भाभी नर्सला हाका मारत पळत होती. ती घाबरली होती, पण नर्स म्हणाली, हे होतं, फट बुजली म्हणून होतं, चांगली खूण आहे. चांगली खूण म्हणजे काय, हे त्यानंतर मी कुणाला विचारलं नाही. औषधं दिली. आठवड्याने प्रेशर बारावर थांबलं.

बारा. जसं असायला पाहिजे तसं.

डिसेंबर गेला. नजर थोडी निवळली. माणसं ओळखू येतात, रस्ता चालता येतो. पण रेषा सरळ होत नाही. नवा चष्मा झाला. त्याने अक्षर मोठं दिसतं. मोठं आणि वाकडं.

सूर्यभानच्या बैलाचा खूर कापून पू काढला. तो महिन्याभराने चालायला लागला. तोवर सूर्यभान आणि रतनबाई दुसऱ्या एका टोळीत ट्रॅक्टरवर ऊस भरायला गेले होते. इम्रान त्यांना फोन करतो. बैलाची चौकशी करतो. सूर्यभान त्याच्या डोळ्याची चौकशी करतो. दोघांकडे सांगायला फारसं काही नसतं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी इम्रान म्हणाला, आज मारून बघतो. वांबोरीकडचा एक शेतकरी होता, ज्ञानेश्वर नावाचा. त्याला आधीचं काही माहीत नव्हतं. बैल गरीब होता. आम्ही पाडला. मी डोकं धरलं, ज्ञानेश्वरने पाय.

इम्रानने तीन पाय केले. हळू केले, पण केले. प्रत्येक खिळा ठेवायच्या आधी तो अंगठा कडेवर ठेवायचा, नखाने जागा धरायचा आणि मग मारायचा. चाचा खुर्चीवरून दर वेळी म्हणत होते, "बसला." दर वेळी त्यांचा आवाज जरा मोठा होत होता. मलाही वाटायला लागलं की होईल.

चौथ्या पायाचा खूर बाहेरून फुटलेला होता. कड अर्धीच राहिली होती. अशा खुराला खिळा तिरका घालावा लागतो, आणि तिथे बोटाचं चालत नाही. इम्रानने पत्री ठेवली. खिळा ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. चष्मा काढला, पुसला, घातला. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि खुराच्या इतक्या जवळ तोंड नेलं की नाक खुराला लागलं.

हातोडी वर गेली आणि तिथेच राहिली.

"मारा की," ज्ञानेश्वर म्हणाला. "बैल फुगंल पडून पडून."

इम्रानने हातोडी खाली ठेवली. मातीत, अगदी हळू. म्हणाला, "अब्बा, मला न्हाई व्हनार."

बैल जोरात श्वास घेत होता. बाजारात शेजारी कुणीतरी म्हशीच्या सौद्यात हसत होतं.

चाचा खुर्चीतून उठले. बैलापाशी आले. वाकायला गेले, अर्ध्यातच अडकले आणि तोंडातून आवाज निघाला. मग त्यांनी टोपी नीट केली, एक हात जमिनीला टेकला आणि कुशीवर आडवे झाले. बैलाच्या पायाशी, शेणामातीत, पांढऱ्या कपड्यांनिशी. नमाजाला जायचं म्हणून धुतलेले कपडे होते.

"पाय धर," ते इम्रानला म्हणाले.

इम्रानने पाय धरला.

"अजून वर. हां. हलू देऊ नको."

पडल्या पडल्या त्यांनी खिळा ठेवला. घाव घालायला हाताला जागा नव्हती. कोपर मातीत घासत होतं. पाच वेळा मारल्यावर एक खिळा गेला. ते धापा टाकत होते. दुसरा खिळा मागायला त्यांनी हात मागे केला. इम्रानने डब्यातून एक उचलून त्यांच्या हातात दिला. त्याने तो पाहिला नाही. त्याची मान दुसरीकडे होती.

त्या दिवशी तो एकच बैल झाला. मागे तीन जोड्या उभ्या होत्या. त्या माणसांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग एकेक जण बैल घेऊन नेवाशाच्या रस्त्याला लागला.